दुःखाचा कर्ता कोण? – किल्लारीच्या भूकंपाच्या निमित्ताने काही विचार

१० जुलै २०२४ रोजी सकाळी नांदेड शहरात जमीन हलली. भूकंपाचे केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होते व तीव्रता ४.५ होती. त्याच वर्षी मार्चमध्येही असाच धक्का बसला होता. नुकसान फारसे झाले नाही. पण त्या दिवशी बँकेत काउंटरवर दुसरा विषय नव्हता. पासबुक भरून घ्यायला आलेले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "देवाची कृपा म्हणायची. वाचलो." त्यांच्या मागे रांगेत पैसे काढण्याची स्लिप हातात धरून एक वयस्कर बाई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "गुरुजी, मग किल्लारीला देव कुठं होता?" गुरुजी काही बोलले नाहीत. रांगही गप्प झाली. मी बाईंची स्लिप घेतली, सही ताडून पाहिली आणि पैसे मोजून दिले. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

हा प्रश्न त्या बाईंचा एकटीचा नाही. जगातील सर्व धर्मांच्या विचारवंतांना त्याने छळले आहे. ईश्वर दयाळू आहे, तो सर्वशक्तिमान आहे, आणि तरीही निष्पाप माणसे दुःख भोगतात. या तीन गोष्टी एकत्र कशा नांदाव्यात? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा साध्या भाषेत विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून आहे. परंतु हा प्रश्न माझ्या घरात येऊन गेलेला असल्यामुळे त्यावर लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे वाटते.

ती पहाट

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगावच्या गणपतींचे विसर्जन करून लोक उशिरा घरी आले व थकून झोपी गेले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात किल्लारीजवळ भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ होती. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांतील ५२ गावे अक्षरशः भुईसपाट झाली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, तळणी, मंगरूळ ही नावे तोपर्यंत महाराष्ट्राला ठाऊक नव्हती. ती एका दिवसात सर्वांच्या तोंडी झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. प्रेते इतकी होती की एकेका चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला. त्यातच पाऊस लागला.

मी त्या वेळी तेरा वर्षांचा होतो. वडील लातूरच्या मोंढ्यात हमाली करीत आणि आम्ही पत्र्याच्या खोलीत राहत होतो. भांडी खणखणली, आईने आम्हा भावंडांना ओढत बाहेर आणले, एवढे आठवते. दिवस उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या तसे वडिलांचे तोंड उतरत गेले, कारण त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, त्याच पट्ट्यातील एका गावात दिलेली होती.

आत्याचे यजमान, आमचे मामा, एस.टी.त चालक होते. बौद्धवाड्यात नोकरीवाला म्हणजे ते एकटेच. बाकीची घरे कुडाची, वर गवत किंवा पत्रा. मामांनी १९८९ साली पतसंस्थेचे कर्ज काढून दगडाचे घर बांधले. जाड भिंती आणि वर माळवद. गावातील मोठ्या लोकांची घरे असत तसे. आमच्या आज्याने ते घर पाहिले तेव्हा तो दारातच बसून रडला होता. ज्या गावात त्याच्या पिढीला पाटलाच्या वाड्यापुढून चपला हातात घेऊन जावे लागत असे, तेथे आपल्या लेकीचे घर दगडाचे आहे, हे त्याला खरे वाटत नव्हते.

त्या रात्री मामा एस.टी. घेऊन मुक्कामी दुसऱ्या गावी होते. आत्या दोन लेकरांना घेऊन झोपली होती. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. सकाळी लोकांनी ढिगारा उपसला. आत्या चौकटीच्या आडोशाने वाचली. लेकरे वाचली नाहीत. शेजारच्या कुडाच्या झोपड्याही पडल्या होत्या. पण त्यांतील माणसे खरचटून का होईना, जिवंत बाहेर आली होती.

आत्याला मिळालेली उत्तरे

वडील आत्याला लातूरला घेऊन आले. पुढचे चार-पाच महिने ती आमच्या खोलीत होती. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला काही ना काही कारण सांगून जाई. एक जण म्हणाले, हे कलियुगातील पापाचे फळ. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, देव ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचीच परीक्षा घेतो. आमच्याच नात्यातील एक म्हातारी कुजबुजली, "तुम्ही बौद्ध झाल्यावर मरीआईचा निवद बंद केला, ती कोपली." आणि सर्वांत जिव्हारी लागले ते आपल्याच समाजातील एका गृहस्थांचे बोलणे. ते धम्माचे जाणकार समजले जात. त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले की, लेकरांचे मागील जन्मीचे कर्म असेल.

आत्या कुणालाच उत्तर देत नसे. एका रात्री मात्र तिने वडिलांना विचारले, "दादा, माझ्या लेकरांनी कुनाचं काय वाईट केलतं रे? आन् आम्ही घर दगडाचं बांधलं, ते चुकलं का?" वडिलांना उत्तर देता आले नाही. मी पांघरुणाखाली जागा होतो. आज तीस वर्षांहून अधिक काळानंतर मी त्या प्रश्नाचे उत्तर लिहू पाहतो आहे.

प्रश्न जुना आहे

ग्रीस देशातील एपिक्युरस या तत्त्ववेत्त्याच्या नावावर एक युक्तिवाद सांगितला जातो. त्याचा आशय असा: ईश्वराला दुःख दूर करण्याची इच्छा आहे पण शक्ती नाही, तर तो सर्वशक्तिमान नव्हे, शक्ती आहे पण इच्छा नाही, तर तो दयाळू नव्हे, दोन्ही आहेत, तर मग दुःख आले कोठून? या कोड्याला अनेकांनी उत्तरे दिली आहेत. ती देणारे लोक मूर्ख नव्हते, म्हणून प्रत्येक उत्तर नीट तपासून पाहिले पाहिजे.

पहिले उत्तर शिक्षेचे. संकट म्हणजे पापाचा दंड. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे मेली. महात्मा गांधींनी त्या वेळी जाहीरपणे म्हटले की, अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला हा ईश्वरी दंड आहे. रवींद्रनाथ टागोरांना हे पटले नाही. वास्तविक अस्पृश्यता जावी या मताचे तेही होते. पण भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, तिला नैतिक अर्थ चिकटवणे म्हणजे लोकांच्या अंधश्रद्धेला बळ देणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. हा वाद फेब्रुवारी १९३४ च्या 'हरिजन'मध्ये छापून आला. गांधीजींचा हेतू चांगला होता हे मान्य केले तरी एक साधा प्रश्न उरतो. बिहारच्या त्या ढिगाऱ्यांखाली अस्पृश्यांची लेकरे नव्हती काय? अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा द्यायची आणि ती सोसणाऱ्यालाही त्याच भिंतीखाली गाडायचे, हा कोणता न्याय? असा निवाडा एखाद्या तालुक्याच्या न्यायाधीशाने दिला तर वरच्या कोर्टात एक दिवसही टिकणार नाही.

दुसरे उत्तर परीक्षेचे. दुःखाने माणूस तावून सुलाखून निघतो. यात थोडे तथ्य आहे. दुःख सोसून मोठी झालेली माणसे आपण पाहतो. पण परीक्षा घ्यायची तर विद्यार्थी जिवंत तरी हवा. सहा वर्षांच्या मुलीची परीक्षा झाली असे म्हणायचे, तर ती उत्तीर्ण कधी होणार? आणि परीक्षा आत्याची होती असे म्हटले, तर आईची परीक्षा घेण्यासाठी लेकराचा जीव वापरला, असा त्याचा अर्थ होतो. असे वागणाऱ्या माणसाला आपण दयाळू म्हणणार नाही.

तिसरे उत्तर माणसाच्या स्वातंत्र्याचे. ईश्वराने माणसाला चांगले-वाईट निवडण्याची मोकळीक दिली; वाईट घडते ते माणसाच्या हातून. हे उत्तर अधिक वजनदार आहे. १९७८ च्या ऑगस्टमध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ते कृत्य माणसांनी केले, ईश्वराला त्यात का ओढता, असे कुणी म्हटले तर ते समजू शकते. तरीही मारणाऱ्याच्या स्वातंत्र्याची किंमत मरणाऱ्याने का भरावी, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि किल्लारीत तर कोणा माणसाने जमीन हलवली नव्हती. तेथे हे उत्तर लागूच पडत नाही.

चौथे उत्तर असे की, ईश्वराची योजना आपल्या अल्पबुद्धीला कळणार नाही. आज जे वाईट दिसते ते शेवटी चांगल्यासाठीच असेल. यावर मला माझ्या कामातील एक गोष्ट आठवते. पूर्वी संध्याकाळी खातेवहीचा मेळ बसला नाही तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकली जाई. काम पुढे चाले. पण ती नोंद तेथे कायम ठेवता येत नसे. केव्हा तरी फरक शोधून काढावाच लागे, नाहीतर तपासनीस जाब विचारी. ईश्वराची योजना हे असेच एक सस्पेन्स खाते आहे. जगातील न जुळणारे प्रत्येक दुःख त्यात टाकले जाते आणि शतकानुशतके ते कोणी उघडून पाहत नाही.

पाचवे उत्तर युक्तिवादाचे नाही, भक्तीचे आहे. त्याबद्दल मी आदरानेच बोलेन. १६३० च्या भीषण दुष्काळात तुकाराम महाराजांची पत्नी आणि मुलगा गेले. त्यांनी विठ्ठलाला सोडले नाही. पण त्याच्याशी भांडण मात्र केले. आपल्या नांदेडचे उदाहरण तर समोरच आहे. गुरू गोविंदसिंगजींचे दोन मुलगे चमकौरच्या लढाईत पडले आणि दोन धाकट्यांना सरहिंद येथे भिंतीत चिणण्यात आले. चारही पुत्र गमावलेला हा पिता १७०८ मध्ये नांदेडला आला आणि येथेच त्यांचा देह विसावला. त्यांनी ईश्वराचा हुकूम मानला, पण जुलूम करणाऱ्यांपुढे मान तुकवली नाही. अशा श्रद्धेने माणसाला उभे राहण्याचे बळ मिळते हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, बळ मिळणे वेगळे आणि कारण कळणे वेगळे. श्रद्धा जखमेवर बांधलेली पट्टी असू शकते. जखम कशाने झाली ते तिच्यावरून कळत नाही.

लिस्बन शहराचा धडा

युरोपातही असेच घडले होते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. सणाची प्रार्थना चालू असल्यामुळे चर्च भरलेली होती. ती कोसळली, मागून समुद्राची लाट आली आणि आगी लागल्या. हजारो भाविक प्रार्थनास्थळातच मेले. त्यापूर्वी लाइब्निझ या जर्मन पंडिताने १७१० साली ग्रंथ लिहून असे मांडले होते की, शक्य असलेल्या सर्व जगांत ईश्वराने निर्मिलेले हे जगच सर्वोत्तम आहे. लिस्बननंतर फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने या कल्पनेवर कठोर टीका केली. १७५९ सालची त्याची 'कांदीद' ही कादंबरी त्याचसाठी प्रसिद्ध आहे.

परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते रूसोचे म्हणणे. रूसो स्वतः ईश्वर मानणारा होता. त्याने १७५६ साली व्हॉल्तेअरला पत्र लिहून एक साधी गोष्ट दाखवून दिली. एवढी उंच, एकमेकांना खेटून असलेली हजारो घरे काही निसर्गाने बांधलेली नव्हती; लोक अधिक विखुरलेले आणि हलक्या घरांत राहत असते तर हानी फार कमी झाली असती, असा त्याचा आशय होता. म्हणजे भूकंप निसर्गाचा, पण आपत्तीत माणसाच्या रचनेचाही वाटा असतो. किल्लारीच्या आधी २३७ वर्षे हे लिहिले गेले होते.

भगवान बुद्धांनी प्रश्नच बदलला

आता तथागतांची भूमिका पाहू. अंगुत्तर निकायात बुद्धांनी तीन मतांची चिकित्सा केली आहे. माणसाला जे काही सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळे होते, हे पहिले मत (पुब्बेकतहेतु). ते सर्व ईश्वराने निर्माण केल्यामुळे होते, हे दुसरे (इस्सरनिम्मानहेतु). ते विनाकारण, आपोआप होते, हे तिसरे (अहेतुअप्पच्चया). बुद्धांनी ही तिन्ही मते नाकारली. त्यांचे कारण व्यवहारी आहे. यांपैकी कोणतेही मत धरले तर खून करणारा म्हणेल, मी काय करणार, माझे पूर्वकर्म किंवा ईश्वराची इच्छा. मग काय करावे व काय करू नये याला अर्थच उरत नाही आणि प्रयत्नाची मुळेच तुटतात.

येथे आपण नीट लक्ष दिले पाहिजे. बुद्धांनी ईश्वराची इच्छा नाकारली तशी सर्व काही पूर्वकर्म हे मतही नाकारले. संयुत्त निकायात मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना नेमका हाच प्रश्न विचारला आहे. त्याला उत्तर देताना बुद्धांनी वेदनेची आठ कारणे सांगितली: पित्त, कफ, वात, तिन्हींचा प्रकोप, ऋतुबदल, विषम आहार-विहार, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्म. जे सर्वच वेदना पूर्वकर्माच्या माथी मारतात ते स्वतः अनुभवलेल्या व जगाला ठाऊक असलेल्या सत्याच्या पलीकडे धावतात, असा त्यांचा अभिप्राय आहे. भिंत अंगावर पडणे हा बाहेरून झालेला आघात होय. आत्याला कर्म सांगणाऱ्या आमच्या त्या जाणकार गृहस्थांनी हे सुत्त वाचले असते तर फार बरे झाले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाला आणखी धार दिली. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नाही, हे स्वतंत्रपणे मांडले आहे. त्याचबरोबर मागील जन्मीच्या कर्माचा सिद्धान्तही त्यांनी नाकारला. गरीब व हीनदीन लोकांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज अशा सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांनी म्हटले आहे. आपल्या पूर्वजांना नेमके हेच सांगितले गेले होते की, तुम्ही अस्पृश्य जन्मलात ते मागच्या जन्मीच्या पापामुळे. ज्या तर्काने आपल्याला शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, तोच तर्क आपणच लेकरे गमावलेल्या आईला ऐकवावा, याहून मोठी शोकांतिका कोणती? आपण ईश्वराला दारातून बाहेर काढतो आणि त्याचेच काम कर्माच्या नावाने खिडकीतून आत घेतो, असे तर होत नाही ना, याचे प्रत्येक बौद्ध कुटुंबाने आत्मपरीक्षण केले पाहिजे.

मज्झिम निकायातील विषारी बाणाचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. बाण लागलेला माणूस, मारणारा कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणाला, तर तो मरूनच जाईल. काही लोक याचा अर्थ असा घेतात की, बुद्धांना कारणांशी कर्तव्य नव्हते. तसे नाही. ज्या कारणाचा शोध दुःख थांबवण्याच्या कामी येतो, तो शोध घेणे हाच तर प्रतीत्यसमुत्पाद आहे. हे असल्याने ते होते, हे नसल्याने ते होत नाही. बाण मारणाऱ्याचे कूळ कळून जखम बरी होत नाही. बाण कोठे रुतला आहे हे मात्र पाहावेच लागते.

मग कारण काय होते?

ते आता आपल्याला ठाऊक आहे. भारताचा भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून आशियाच्या भूपट्टाला रेटत आहे. त्या रेट्याचा ताण दख्खनच्या पठाराच्या पोटातही साठतो आणि जुन्या कमकुवत भेगेवर एखाद्या वेळी मोकळा होतो. किल्लारीचा भूकंप फार खोल नव्हता, म्हणून पृष्ठभागावरचा हादरा जबर होता. हे घडण्यासाठी कोणाच्या पापाची गरज नाही.

पण जमीन हलल्याने माणसे मेली नाहीत. माणसे घरांखाली मेली. आपल्याकडे दगड-मातीच्या भिंती दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही जाड असत. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मध्ये दगडगोटे व माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुधा नसे. वर लाकडी तुळया आणि त्यांवर फूट-दोन फूट मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून ते केलेले, आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर पुन्हा माती टाकण्याची पद्धत. त्यामुळे ओझे वाढतच जाई. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, पोट फुगून भिंत फुटली आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. कुडाच्या झोपडीला वजनच नव्हते, म्हणून तिच्यातील माणसे वाचली. एरवी बहुतेक आपत्तींत गरीब आधी मरतो. किल्लारीत प्रतिष्ठेचे जड घर हेच अनेकांचे थडगे झाले.

याला आणखी एक बाजू आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये, म्हणजे जवळपास वर्षभर आधी, किल्लारी परिसराला धक्के बसले होते. तथापि देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. येथे भूकंप होत नाही असे सर्वजण समजून चालले होते. पुढे २००२ साली नकाशा सुधारला गेला आणि हा पट्टा तिसऱ्या विभागात घेतला गेला.

याची तुलना करून पाहू. १७ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. वेळ पहाटे साडेचारची. तीव्रता ६.७, म्हणजे मोकळी झालेली ऊर्जा किल्लारीच्या सुमारे पाचपट. मृत्यू सुमारे साठ. आता ज्यांना ईश्वराचा कोप म्हणायचे आहे त्यांनी सांगावे, औशाच्या शेतकऱ्याचे पाप लॉस एंजेलिसच्या माणसापेक्षा शेकडो पटींनी अधिक होते काय? दोन आकड्यांमधील फरक घरांच्या बांधणीचा आहे, ज्ञानाचा आहे आणि ते ज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठे पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी वसली आणि तेरा जिल्ह्यांत सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले. जुन्या भिंतींत आरपार दगड बसवणे, माळवदाची माती कमी करणे, दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालणे, अशी साधी कामे त्यात होती. हजारो वर्षांच्या वादाने जे लेकरू वाचले नाही, ते एका आरपार दगडाने वाचू शकते.

कोणाला उत्तर काय द्यावे

मला श्रद्धावंतांना कमी लेखायचे नाही. त्या आठवड्यात सर्व धर्मांची माणसे ढिगारे उपसायला धावली. उपसताना कोणी कोणाला ईश्वर आहे की नाही हे विचारले नाही. ज्याची श्रद्धा त्याला फावडे हातात घ्यायला लावते, त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते ढिगाऱ्याच्या कडेला उभे राहून दुःखिताला त्याचे पाप सांगणाऱ्यांशी, मग ते पाप या जन्मीचे असो की मागच्या.

किसा गौतमी मेलेले मूल कडेवर घेऊन बुद्धांकडे आली तेव्हा त्यांनी तिला कारण सांगितले नाही आणि दोषही दिला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती घरोघर फिरली आणि आपण एकट्या नाही, हे तिला उमगले. दुःखात असलेल्या माणसाला प्रथम सोबत द्यायची असते. कारणे त्यानंतर, आणि ती खरी असतील तरच.

आत्या आता साठी ओलांडून गेली आहे. भूकंपानंतर तिला एक मुलगी झाली. तिचे लग्न होऊन ती संसारात आहे. मामा काही वर्षांपूर्वी वारले. दोन वर्षांपूर्वी मुलीने-जावयाने घर बांधायला काढले तेव्हा मी पाहायला गेलो होतो. मी धीर करून आत्याला म्हणालो, "आत्या, तुम्ही दगडाचं घर बांधलं ते चुकलं नव्हतं. कसं बांधायचं ते कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं, एवढंच." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तवाच कुणी म्हटलं असतं तर इतकी वर्षं छातीवर धोंडा राहिला नसता रे." आणि काठी टेकत मिस्त्रीकडे गेली व विचारू लागली, "चौकटीच्या वर पट्टा टाकलास का रे चारी बाजूंनी?"

बंधू-भगिनींनो, आपल्या समाजात आता घरोघर बांधकामे निघत आहेत. वस्त्या-वस्त्यांत विहारे उभी राहत आहेत. दगडाचे, विटांचे, पक्के घर बांधणे हा आपला हक्क आहे आणि आपल्या पूर्वजांचे ते स्वप्न होते. ते बांधताना अभियंत्याला विचारा, मिस्त्रीला विचारा, पट्ट्यासाठी लागणाऱ्या सळईत काटकसर करू नका. आणि शेजारी कुणाचे लेकरू गेले तर जाऊन नुसते बसा. त्या आईला कर्माचा किंवा कोपाचा हिशेब सांगू नका. तो हिशेब कोणत्याच वहीत जुळलेला नाही.

सर्वांना सविनय जयभीम.